केदारनाथ, एक वर्ष उशिरा

देवानेच माझी वाट अडवली असं मला तेव्हा वाटलं होतं आणि त्याचा मला रागही आला होता, हे आधीच कबूल करते.

२००६ साल. मी मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. गुडघ्यांमुळे आईचं केदारनाथ राहून गेलं. ती गेल्यावर मी ठरवलं, आपण जायचं, आणि गौरीकुंडापासूनचे चौदा किलोमीटर पायीच चढायचे. मेमधली रजा मंजूर करून घेतली, तिकिटं काढली, रोजच्या मुक्कामाचा तक्ता केला. नवऱ्याचा देवधर्मावर विश्वास नाही. तो एवढंच म्हणाला, "अगं, दोन जिने चढलीस तरी दमतेस. आधी थोडं ट्रेनिंग तर कर."

म्हणून मार्चपासून दर शनिवारी ट्रेनने पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत जाऊ लागले. चढताना जबडा दुखायचा. अक्कलदाढ असेल, म्हणून डेंटिस्टची अपॉइंटमेंटही घेतली होती.

तिसऱ्या शनिवारी चढावरच्या दगडी कुंपणाला टेकून उभी होते. वरून सत्तरीची एक इंग्लिश बाई कुत्र्याला घेऊन उतरत होती. मला पाहून थांबली.

"बरं वाटत नाहीये का?"

"दाढ दुखतेय, बाकी काही नाही."

"आत्ताही दुखतेय?"

"नाही, उभं राहिलं की थांबतं."

तिचा चेहरा बदलला. "माझा नवराही दाढच म्हणायचा," ती म्हणाली. "आज वर जाऊ नका. प्लीज."

मी डॉक्टर आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण लाज वाटली. चढताना दुखतं, थांबलं की थांबतं, असं एखाद्या पेशंटने सांगितलं असतं तर त्याला मी तिथेच बसवलं असतं. ती माझ्याबरोबर हळूहळू स्टेशनपर्यंत आली, कुत्र्याच्या खोड्या सांगत राहिली आणि ट्रेन येईपर्यंत थांबली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

सोमवारी तपासणी झाली. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या. त्याच आठवड्यात बायपास झाली. मे महिन्यात घरी पडून मी देवावर चिडत होते. आयुष्यात एकच तर मागितलं होतं! एकदा नवऱ्याजवळ तसं बोलले. तो चहा गाळत होता. मागे वळूनही न पाहता म्हणाला, "नको येऊस म्हणाला कशावरून? जिवंत ये म्हणाला असेल." न मानणाऱ्या माणसाच्या तोंडचं ते वाक्य ऐकून मला रडू कोसळलं.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांनी चढायला मनाई केली होती, म्हणून घोड्यावर बसले. पायीच जायचा हट्ट कधी सुटला, कळलंही नाही.

मंदिरात पूजेला बसल्यावर गुरुजींनी विचारलं, "संकल्प कोणाच्या नावाने?" आईचं नाव सांगितलं. मग म्हटलं, "आणखी एका बाईंच्या नावाने करायचाय. त्यांचं नाव ठाऊक नाही. गोत्रही नाही."

गुरुजींना त्यात काही वावगं वाटलं नाही. "ज्याचं गोत्र ठाऊक नाही, त्याचं काश्यप," ते म्हणाले. "नाव तो जाणतो. पाणी सोडा."

मी पाणी सोडलं. स्वतःसाठी काहीतरी मागायचं ठरवून आले होते, पण त्या वेळी ते आठवलंच नाही.