न भरलेला खंदक

आप्पा चालता चालता मध्येच थांबत, टाचेने जमीन ठोकत, पोकळ आवाज येतो का म्हणून कान देत आणि म्हणत, "सर, आठे पोरेसले खेयू देऊ नका. खाले पोकय शे."

एकच भीती उराशी धरून जगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आप्पा आमच्या शाळेचे जुने शिपाई. एकाहत्तरच्या लढाईत शाळेच्या मैदानात पुरुषभर खोल खंदक खणला, तो त्यांनी. विमानं आली तर पोरांनी त्यात लपायचं. विमान काही आमच्याकडे फिरकलं नाही. पुढच्या वर्षी खंदक बुजवायचा हुकूम आला.

त्याचं काय झालं ते आप्पांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं.

"मन्हीच चूक शे, सर. सारंगखेडानी यात्रा भरेल व्हती, माले घोडा देखाले जानं व्हतं. खंदकमा माती भरीच नही. वर सागना वासा टाकात नि माती लोटी दिधी. आते लाकूड सडी गये का पोरगं सरय खाले जाई."

मग त्यांची बदली डोंगरातल्या धडगावला झाली. निवृत्त होऊन परतले तेव्हा मैदान सपाट झालेलं, खूण एकच उरलेली: लिंबाचं झाड. लिंबापासून बावीस पावलं हे त्यांना पक्कं आठवत होतं. तेवढी मोजून त्यांनी चुन्याची रेघ मारली आणि कबड्डी रेघेच्या पलीकडे हलवायला लावली. आम्ही मास्तर मंडळी त्या रेघेला 'आप्पांची सरहद्द' म्हणायचो. मधल्या सुटीत ते तिथे काठी घेऊन उभे. एकदा पाचवीतली एक मुलगी धावत रेघेवर आली. आप्पांनी तिचा हात इतक्या जोरात ओढला की बांगड्या पिचल्या. ती रडली नाही, आप्पाच रडले.

यंदा दिवाळीनंतर आप्पा गेले. त्यांच्यासाठी म्हणून मी हट्टाने जेसीबी बोलावला. रेघेवर खणलं, तर खाली घट्ट, कधी हात न लागलेली माती. ड्रायव्हर हसला. मीही हसलो, जीव भांड्यात पडला.

मशीन वळवून तो कबड्डीच्या मैदानावरून निघाला आणि मागचं चाक कडकन आत गेलं. भगदाडात कुजलेले वासे दिसत होते. बावीस पावलं बरोबरच होती, पण विशीतल्या गड्याची. आप्पांनी मोजली ती घाटात गुडघे झिजवून आलेल्या म्हाताऱ्याच्या आखूड पावलांनी.

इतकी वर्षं आम्ही पोरांना रोज नेमकं त्याच छतावर नाचवत होतो. हे पाहायला आप्पा नव्हते, याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. वर्गातून पोरांचा गलका ऐकू येत होता. मधल्या सुटीची वेळ झाली होती. नवा शिपाई घंटेकडे निघाला, तसा मी ओरडलो, "थांब, वाजवू नकोस!"