फाटकापलीकडची जागा

चांगला बर्फ कुठे आहे असं डेलमार योस्टला विचारलं, की तो हमखास भलत्याच डोंगराकडे बोट दाखवायचा. आयडाहोच्या त्या दरीतली रीतच ती. माणूस शेजाऱ्याला शिकारीतलं अर्धं हरीण देईल, पण स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची गाडी, उडवायची आपली जागा सांगणार नाही. बायकोलासुद्धा नाही. डेल तर या थापेबाजांचा मुकुटमणी. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, गुडघे कुरकुरणारे, पण पानगळीत पायी डोंगर पालथे घालून कुठल्या खळग्यात भुसभुशीत बर्फ टिकेल ते हेरून ठेवायचा. हिवाळ्यात तिकडे निघताना आधी उलट दिशेला दोन चकरा मारायचा, म्हणजे माग काढणारे बसले बोंबलत.

त्याची आणि त्याच्या दोघा जुन्या मित्रांची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे वरचं पठार. एका बाजूला कडा, दुसरीकडे रानातल्या हरणांसाठी बंद केलेलं जंगल. वाट एकच, ऑरिन हॅस्केटच्या कुरणातून. दर वर्षी बर्फाआधी व्हिस्कीची बाटली घेऊन जायचं, ऑरिन ‘बरं’ म्हणायचा, की फाटक उघडं. कागद नाही, सही नाही.

त्या वसंतात ऑरिन गेला. थंडी सुरू झाली आणि त्याच्या बायकोनं, लोरीननं, फाटकाला साखळी घातली. नवी जागा शोधायला आता गुडघे कुठून आणायचे? बाटली घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला.

“ही कुणासाठी? मी चर्चला जाते, विसरलास?”

“लोरीन, तेवढं फाटक...”

“उघडीन. आधी जागा दाखव.”

“कुठली जागा?”

“नाटकं नकोत, डेल. आमचा म्हातारा दर रविवारी तुझ्याबरोबर कुठे उलथायचा? जन्मभर विचारलं. नुसतं ‘वर’ म्हणायचा. अरे, वर तर देवही असतो!”

लोरीनला सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. पण अडला हरी. पुढच्या रविवारी ऑरिनचाच जाड डगला आणि हातमोजे चढवून ती डेलच्या मागे बसली.

“हळू, मेल्या! आतडी तोंडात आली!”

आणि चढ संपता संपता, “एवढंच पळतं होय रे हे?”

पठाराच्या टोकाशी डेलनं गाडी बंद केली. तिथे देवदाराचं एक खोड होतं. “ऑरिन इथे बसायचा, कॉफी घेऊन. आम्ही धुडगूस घालायचो, हा आपला खाली बघत.”

लोरीननं खाली पाहिलं. थेट तिचंच घर. स्वयंपाकघराच्या धुराड्यातून बारीक धूर निघत होता.

“तो धूर दाट झाला, की उठायचा. म्हणायचा, लोरीननं सूप चढवलं, मी निघालो.”

“आणि मी गावभर सांगत फिरले,” ती म्हणाली, “की माझ्या नवऱ्याच्या पोटात घड्याळ आहे. वाडगा ठेवला, की दारात हजर!” ती खो-खो हसली, आणि हसता हसताच ऑरिनच्या हातमोज्यानं डोळे पुसू लागली. डेल उगाच गाडीखालचा रबरी पट्टा तपासत बसला.

त्याच दिवशी साखळी निघाली. कुठे गेली होतीस म्हणून पोस्टात बायकांनी खोदून खोदून विचारलं, तर लोरीन म्हणाली, “वर.”

पुढच्या रविवारी डेल आणि त्याचे दोघे मित्र पठारावर बर्फ उधळत होते. दुपारी डेलची नजर खाली गेली. धुराड्यातून धूर भसाभसा येत होता. एकट्या बाईला एवढी चूल कशाला?

“चला रे,” तो म्हणाला, “बोलावणं आलंय.”

टेबलावर वाडगे मांडूनच ठेवले होते. सूप वाढता वाढता लोरीन करवादली, “उशीर केलात. ऑरिन धूर दिसला की लगेच निघायचा.”