न मोजलेली खोली

त्या खोलीतली हवा मी मोजलीच नव्हती. तरी तक्त्यात आकडा लिहिला आणि खाली सही केली.

सरोजिनी नगरमधलं एक नवं खासगी रुग्णालय. प्रत्येक जाळीवरची हवा मोजायची, कमी-जास्त असेल तर डक्टमधला डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, फिरवून ती बरोबर करायची, हे माझं काम. शेवटी पॅथॉलॉजीची एक खोली उरली. तिथं शस्त्रक्रियेतले नमुने फॉर्मालिनमध्ये ठेवतात; त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला झोंबते. तिथली हवा बाहेर ओढणाऱ्या डक्टचा डॅम्पर फॉल्स सीलिंगच्या वर झाकला गेला होता; मोजून आकडा कमी आला असता तर सीलिंग उघडावं लागलं असतं.

ठेकेदार म्हणाला, "सर, अब सीलिंग मत खुलवाइए, परसों उद्घाटन है. दस परसेंट के अंदर कुछ भी डाल दीजिए."

आमच्या धंद्यात असं चालतं. आराखड्यातला आकडा तसाच उतरवला तर संशय येतो, म्हणून थोडा कमी लिहायचा. मी आठ टक्के कमी लिहिला. लबाडीतही नीटनेटका होतो.

दीड वर्षानं पुन्हा तपासणीला गेलो, तेव्हा मोजलं. मीटरवर जवळजवळ शून्य. सीलिंग उघडायला लावलं. डॅम्पर पूर्ण बंद होता, दांड्यावर कारखान्यातली चिकटपट्टीसुद्धा तशीच.

"पहले वाली मैडम रोज़ कहती थीं कि आँखें जलती हैं," तिथला कर्मचारी म्हणाला. "मैनेजर साहब आपकी रिपोर्ट दिखा देते थे. हम भी छेड़ते थे, क्यों मैडम, प्याज़ काट रही हैं?"

त्या बाईंना दमा जडला होता. कामचुकार ठरवून त्यांना काढून टाकलं होतं. पुरावा माझा कागद.

घरी बायको म्हणाली, "अहो, सगळेच तसं लिहितात ना?" हे वाक्य मी तीन आठवडे पांघरून बसलो. मग खरे आकडे आणि माझा कबुलीजबाब लिहून काढला, आणि पत्ता शोधत त्याच शहरातल्या अमीनाबादच्या एका गल्लीत त्यांच्या दारात उभा राहिलो.

मी कोण ते सांगितलं. दोन पायऱ्या उतरून आल्यानंच त्यांना धाप लागली होती.

"अच्छा, वो दस्तख़त आपके थे?" त्या म्हणाल्या. "हम तो समझते थे, मशीन झूठ नहीं बोलती."

"मशीन लगाई ही नहीं थी," मी म्हणालो. "आप सच कह रही थीं, झूठ मैंने लिखा था. ये लिखकर लाया हूँ, जहाँ चाहें दिखाइए. मुझे माफ़ कर दीजिए."