वाचता न आलेल्या ओळी

माझा मामा एकतीस वर्षं पुलाजवळच्या खांबावर नदीचं पाणी वाचायचा. रोज सकाळी आकडा बघायचा, वहीत लिहायचा, घरी यायचा. लोक त्यालाच 'खांब' म्हणायचे. विचारल्याशिवाय तोंडातून शब्द काढणार नाही, असा माणूस.

निवृत्तीच्या वर्षी कार्यालयाने फर्मान काढलं: सगळ्या नोंदी संगणकावर भरून द्या, पुराची भिंत कुठे बांधायची ते त्यावरूनच ठरेल. आमचं घर काठच्या खालच्या गल्लीत. पाणी चारदा आमच्या ओट्याला लागलेलं. बहिणीच्या दारापुढे भिंत व्हायलाच हवी म्हणून मामाने वह्या स्वतः टाइप केल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी फुकटच्या प्रोग्रामिंगच्या वर्गात जाऊन बसला. तिथे फंक्शनल प्रोग्रामिंग नावाचा एकच प्रकार शिकवायचे, कारण मास्तरांना तेवढंच येत होतं.

ती भाषा भलतीच मानी. एका ओळीतून आकडा निघाला नाही, की अख्ख्या यादीला 'काही नाही' म्हणणार. अकरा हजार ओळी, आणि तीन आठवडे रोज उत्तर एकच: काही नाही. मामाने हात टेकले.

शेवटी नवशिक्यांना मदत करणाऱ्या एका फोरमवर त्याने विचारलं. दहा मिनिटांत कुणा भल्या माणसाचं उत्तर आलं: ज्या ओळींतून आकडा निघत नाही त्या गाळा, एकच शब्द बदला. मामाने बदलला आणि गंगेत घोडं न्हालं! त्या दिवशी तो चक्क हसला. मला बसवून यादी उलटी कशी करायची तेही शिकवलं. कार्यालयाने शाबासकी दिली, फाईलमध्ये एकही चूक नाही म्हणून.

चार महिन्यांनी पत्र आलं. खालच्या गल्लीत पाणी शिरल्याची एकतीस वर्षांत नोंद नाही, सबब भिंत वरच्या वस्तीला.

मामाने वह्या काढल्या. मोठ्या पुरात खांबच पाण्याखाली जातो, आणि आमच्या गल्लीत पाणी शिरतं तेही तेव्हाच. त्या दिवशी आकडा कुठून आणणार? तिथे त्याने लिहिलं होतं, 'खांब बुडाला'. असे त्रेसष्ट दिवस, आणि त्रेसष्टही गळलेले.

दोन दिवसांत त्याने एकट्याने प्रोग्राम सुधारला. त्या ओळींची वेगळी यादी घेऊन कार्यालयात गेला, मी सोबत होते.

कारकून म्हणाला, "काका, फाईल तुमची, सही तुमची. भिंतीचं काम सुरूसुद्धा झालंय."

"मग या यादीचं काय करू?"

"ठेवा घरी."

माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी त्या उत्तर देणाऱ्याला शिव्या घालायला लागले.

"त्याला बोलू नकोस," मामा म्हणाला. "त्याने विचारलं होतं, गाळलेल्या ओळी एकदा बघायच्यात का? मीच लिहिलं, गरज नाही."

आईने खालच्या फळीवरचे डबे माळ्यावर चढवायला घेतले.