दोन रकान्यांची वही

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर मागच्या महिन्यात माझ्याकडे तपासायला आला. त्यात एक वाक्य होतं: ‘भाषावादाच्या काळातही आमच्या शाळेत सलोखा टिकून राहिला.’ ते वाचलं आणि कागद मी टेबलावर आपटले. सलोखा टिकला, खरं आहे. एका माणसाला शाळेतून घालवून तो टिकवला होता, आणि त्या माणसाचं नाव शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या यादीतही नाही. यादीत ड्रिलमास्तर आहेत, घंटा देणारा शिपाई आहे, फादरांचा स्वयंपाकीसुद्धा आहे. आमचे मराठीचे सर नाहीत.

शाळा फादरांची, फक्त मुलग्यांची, डिचोलीजवळच्या टेकडीवर. मागे चॅपल, पुढे फुटबॉलचं मैदान. खालून खाणीचे ट्रक गेले की आमच्या फळ्यावरही लाल धूळ बसायची. निम्म्याहून जास्त मुलं हिंदू. इंग्रजी चांगलं म्हणून घरचे आम्हांला तिथं घालायचे आणि घरी बसून फादरांना नावं ठेवायचे. मी मूळचा पार्सेचा, डिचोलीला काकांकडे राहून शिकत होतो.

सर ख्रिश्चन होते आणि मराठी शिकवायचे. गळ्यात क्रूस, तोंडात ओव्या. मुलं पाठीमागे त्यांना ‘भटजी’ म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा वर्गात येतायेताच म्हणाले, “भटजींना दक्षिणा नको, गृहपाठ द्या.”

दर शुक्रवारी तासाच्या शेवटी ते फळ्याच्या मधोमध रेघ ओढत. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. ज्याला वाटेल त्यानं शब्द सांगायचा. जनेल, खिडकी. कुलेर, चमचा. कदेल, खुर्ची. बोर्डिंगात राहणारा मोरजीचा एक मुलगा माशांची अशी नावं आणायचा की उजवा रकाना रिकामाच राहायचा. सर म्हणायचे, “राहू दे रिकामा. पुस्तक लिहिणाऱ्यानं हा मासा खाल्ला नसेल.” सक्ती नव्हती. वहीत उतरवून घ्या, असंही ते कधी म्हणाले नाहीत. मी उतरवून घ्यायचो, कारण मला ते आवडायचं. हे आज मला स्पष्ट लिहायचं आहे.

मी नववीत असताना गोव्याची राज्यभाषा मराठी की कोकणी, यावरून आंदोलन पेटलं. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बस बंद झाल्या, दोन्हीकडचे पुढारी घसे फोडून बोलू लागले. काका आमच्या भागातल्या मराठीवाल्यांचे पुढारी. त्याच सुमारास वक्तृत्व स्पर्धेसाठी सरांनी मला वगळून दुसरा मुलगा निवडला. तो ख्रिश्चन होता, आणि माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचा. यातली पहिली गोष्ट मी घरी सांगितली. दुसरी सांगितली नाही.

तो राग मनात असतानाच काकांच्या हाती माझी वही लागली.

“ह्यां कोणी लिवक लायलां?”

“सरांनी.”

“मराठीच्या तासाक?”

“होय.”

“आनी सांगतत काय? मराठी आपली न्हय म्हणान?”

काका तापट होते, पण मारकुटे नव्हते. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. मी त्या स्पर्धेचा विचार केला आणि होय म्हणालो.

चार दिवसांत पालकांचा घोळका फादरांच्या ऑफिसात शिरला. या सरांना काढा, नाहीतर आम्ही मुलं काढतो, असा निरोप नव्हे, हुकूम. मला वर्गातून बोलावलं. सर टेबलाच्या कडेला उभे होते. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं. फादरांनी वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी दोन पानं उलटली.

“शब्द मी फळ्यावर लिहिले. पण मराठी आपली नाही, असं मी कधीच म्हटलेलं नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू सांग बाबा.”

“काका म्हणतात तसंच म्हणाले होते,” मी म्हणालो.

फादर मूर्ख नव्हते. माझं खोटं त्यांना त्या क्षणीच कळलं असणार. पण वर्ग भरलेले राहिले पाहिजेत, एवढाच त्यांचा हिशेब. सरांच्या ख्रिश्चन लोकांनी तरी त्यांची बाजू घ्यावी? तेही नाही. चॅपलच्या पायऱ्यांवर ते आधीपासूनच त्यांना ऐकवत होते, “मिसाक आमच्यावांगडा, शाळेंत तांच्यावांगडा.” प्रार्थनेला आमच्यासोबत, शाळेत त्यांच्यासोबत. सरांची वास्कोच्या एका शाळेत बदली झाली. तिथं मराठी विषयच नव्हता. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ग्रंथालयाच्या किल्ल्या सांभाळल्या.

पुढे गोवा वेगळं राज्य झालं तेव्हा शाळेत पेढे वाटले. मीही खाल्ला. नंतर त्या फादरांच्या नावानं सभागृह झालं. काकांची नातवंडं आज मराठी पाटी वाचताना अडखळतात, आणि काका कौतुकानं हसतात. ज्यांनी त्या माणसाला चिरडलं, त्यांतल्या एकालाही भाषेशी काही देणंघेणं नव्हतं. त्या ऑफिसात भाषेवर जीव असलेला माणूस एकच होता, आणि त्याला मी बुडवलं.

स्मरणिकेचा प्रमुख माझाच वर्गमित्र. त्याला फोन करून म्हटलं, सरांचं नाव घाल आणि ते वाक्य काढ.

“आता कशाला उकरतोस रे? सर म्हातारे झालेत. त्यांना तरी आठवत असेल का?”

“मला आठवतं.”

“मग घरी बसून आठव. इथं दोन ओळी गोड लिही.”

मी शाळेत गेलो. जुन्या कागदपत्रांच्या कपाटात सरांची फाईल होती, आणि फाईलीत माझी वही. जनेल, कुलेर, कदेल, प्रत्येक शब्दाखाली कुणीतरी लाल रेघ मारलेली. ती मी पिशवीत घातली आणि कुणाला न विचारता घेऊन आलो.

दोन गोड ओळींच्या जागी मी ही पानं पाठवतो आहे. छापायची नसतील तर माझ्या तोंडावर सांगा. पण त्याआधी सरांना हे माझ्याकडून कळलं पाहिजे. म्हापशाला बस बदलायची, पणजीला बदलायची, की वास्को. एवढासा रस्ता, आणि तो मी इतकी वर्षं टाळला. रविवारी मिसा आटपून सर घरी येतील तेव्हा मी वही घेऊन त्यांच्या दारात असेन. खोटं मी सगळ्यांच्या देखत बोललो होतो. खरं निदान त्यांच्या घरच्यांच्या देखत बोलेन. त्यांनी आत घेतलं नाही, तर दारात उभा राहून बोलेन.