नव्या गावाचा निबंध

तापलेल्या पत्र्याचा वास आला की मला नांदेडचं ते पत्र्याच्या छताचं सभागृह आठवतं. भूकंपानंतर आम्ही लातूरकडं पत्र्याच्या शेडात राहत होतो. मी एम.ए. करत होते, पण माझ्या वडिलांना, अप्पांना वाटे, पोरीनं लातूरच्या शिकवणी क्लासवर शिकवावं. वसाहतोत्तर अभ्यासाच्या निबंध स्पर्धेसाठी मी सरकारनं आमच्यासाठी आखलेल्या नव्या गावावर लिहिलं. नांदेडच्या त्या सभागृहात परीक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "यात वसाहतवाद कुठं आला?" मी म्हणाले, "सर, गोरा साहेब गेला, पण गाव आखणाऱ्यांनी आम्हाला विचारलंच न्हाई. विचारलं असतं, तर घरांना अंगण असतं." टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिलं बक्षीस माझं! परतताना सोबत आलेले अप्पा एसटीत शेजारच्याला सांगत होते, "क्लासचं ऱ्हाऊ द्या, पोरगी पीएचडी करायलीय." मी अजून अर्जही केला नव्हता. पुढं ती पदवी मिळाली, पण डॉक्टर मी त्या एसटीतच झाले.