सेव्ह होताच सुटलेला मेसेज

माझ्या मेहुण्याइतका संतापी माणूस गोदावरीच्या पाण्यावर दुसरा पोसला गेला नसेल. हा बायकोचा धाकटा भाऊ. सातपूरला एका वर्कशॉपच्या माडीवर आम्ही दोघं सॉफ्टवेअर लिहायचो. पंखा हळू फिरला तरी त्याला राग यायचा, जोरात फिरला तरी यायचा. चहा गोड झाला म्हणून त्याने टपरीवाल्याला मधुमेहावर व्याख्यान दिलं आणि दुसऱ्या दिवशी फिका झाला म्हणून पुन्हा दिलं. पण अस्सल राग राखून ठेवलेला होता तो मुक्या डेटाबेसवर. "नोंद सेव्ह करून गप्प बसायचं? ज्याची नोंद त्याला कळायला नको, दाजी?"

पिंपळगावच्या एका शीतगृहाचं काम मिळालं तेव्हा त्याला रान मोकळं मिळालं. आम्ही ओआरएम वापरायचो, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदींना कोडमधल्या वस्तूंसारखं हाताळायची सोय. तीत 'नोंद सेव्ह झाली की अमुक कर' असं आधीच सांगून ठेवता येतं. याने सांगून ठेवलं, की माल आत घेतल्याची नोंद होताक्षणी शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जावा. मी म्हटलं, "अरे, त्यानंतर खोलीतली शिल्लक जागा हिशेबात कमी करायची असते. ते जमलं नाही तर अख्खी नोंद रद्द होते. सगळं पक्कं होऊ दे, मग पाठव." तो उसळला. "तुमच्या पिढीला थांबायचंच व्यसन!" आमच्यात चार वर्षांचं अंतर होतं.

आणि ऐन द्राक्षाच्या हंगामात एक शेतकरी तडक आमच्या माडीवर आला. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "माल घेतला म्हून मेसेज हाय. आज न्यायला गेलो तर मॅनेजर म्हणतो, तुझा माल इथं नायच! मंग ह्यो मेसेज काय भुतानं धाडला?"

मेहुण्याने संगणकात पाहिलं. जागेचा हिशेब अडला होता, नोंद रद्द झाली होती. मेसेज मात्र त्याआधीच सुटला होता. त्याचा चेहरा लालबुंद झाला. आता या गरिबावर ओरडतो, असं मला वाटलं. पण त्याने मोटरसायकलची किल्ली उचलली, शेतकऱ्याला मागे बसवलं आणि निघाला. राहवेना म्हणून मीही पाठोपाठ गेलो.

मॅनेजर खुर्चीतून न उठता म्हणाला, "कॉम्प्युटरमध्ये नाही, म्हणजे माल नाही."

"तो प्रोग्रॅम मी लिहिलाय!" मेहुणा गरजला. "त्याच्यावर काडीचा विश्वास ठेवू नका! खोली उघडा!"

स्वतःच्या कामाची इतकी जाहीर बेअब्रू करणारा प्रोग्रॅमर मी पुन्हा पाहिला नाही. शेतकऱ्याची मफलर कानाला गुंडाळून तो त्या गारठ्यात शिरला आणि एकेक क्रेट हलवत, मॅनेजरपासून स्वतःपर्यंत सगळ्यांना शिव्या देत राहिला. शेवटी मागच्या भिंतीशी शेतकऱ्याने आपले रंगवलेले क्रेट ओळखले. तो नुसता त्यांवरून हात फिरवत उभा राहिला. मेहुण्याचे ओठ निळे पडले होते, तरी तो बडबडतच होता. त्याच संध्याकाळी त्याने, नोंद कायमची पक्की झाल्यावरच मेसेज जाईल, अशी दुरुस्ती केली. "तुम्ही बरोबर होतात," हे मात्र इतकं चिडून म्हणाला, की मीच माफी मागितली.

पुढे तो बंगळूरला मोठ्या कंपनीत गेला. गेल्या दिवाळीत फोनवर म्हणाला, "इथे चूक झाली की मीटिंग होते, दाजी. कोणी चिडत नाही." त्याचा आवाज इतका मवाळ झाला होता, की फोन ठेवल्यावर कोणावर रागवावं, हेच मला कितीतरी वेळ सुचेना.